ट्राम, बिनचालकाची गाडी आणि राहिलेला जिना

१९६७, श्रावणातला एक रविवार, दुपारच्या चहानंतर. जागा: आमच्या क्वार्टरची बाहेरची खोली. हजर: मंडळाचे अध्यक्ष (निवृत्त हेडमास्तर), आमचे यजमान, माझे धाकटे दीर, शेजारच्या अक्का आणि सजावटीची जबाबदारी असलेली मी. गैरहजर: खजिनदार, त्यांच्याकडे पुण्याचे पाहुणे आले होते. विषय एकच: यंदा गणपतीपुढे देखावा कसला करायचा.

आमचं मंडळ म्हणजे बंगळुरातल्या कारखान्यांच्या कॉलनीतली पन्नासेक मराठी घरं. निम्मी माणसं आमच्यासारखी, नोकरीच्या निमित्ताने पुणे, सांगली, नागपूरकडून आलेली. उरलेली अक्कांसारखी, ज्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी इकडे आले ते इथलेच झाले. वर्षभर आम्ही बाजारात मोडकं कन्नड बोलायचो आणि कारखान्यात इंग्रजी. भाद्रपदात मात्र कॉलनीच्या हॉलमध्ये दहा दिवस मराठीत भांडायचो. देखाव्यावरून भांडण ही त्याची सुरुवात.

अध्यक्षांचा प्रस्ताव ठरलेला होता. "कैलास पर्वत. कापूस आहे, निळा कागद आहे, गेल्या वर्षीचा नंदी आहे."

"गेल्या वर्षीही कैलासच होता, सर," भावजी म्हणाले.

"मग? देव बदलला का?"

तेवढ्यात आमचे यजमान म्हणाले, "यंदा ट्राम करू या. चालणारी. आपल्या बंगळुरात ट्राम आली तर कशी दिसेल, तसा देखावा."

हे वाक्य त्यांनी सहज टाकलं नव्हतं. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्यात होते. रोज आधी सायकलने बसस्टॉप, तिथून बसने शहराच्या मधोमध मॅजेस्टिकला, तिथून दुसरी बस. बस भरलेली आली की न थांबता पुढे जायची. ओळीत उभं राहून राहून त्यांनी मनातल्या मनात अख्ख्या शहरात ट्रामचे रूळ टाकले होते. मुंबईच्या ट्राम तीन वर्षांपूर्वी बंद झाल्या तेव्हा घरात सुतक असल्यासारखे ते दोन दिवस गप्प होते.

"ट्राम?" भावजी हसले. "दादा, जगाने ट्राम उखडायला घेतल्या आणि तू त्या गणपतीपुढे मांडतोस? गाडी करायची तर चालकाशिवाय चालणारी करू. खांबांवरून जाणारी. आपोआप सुटेल, आपोआप थांबेल."

"आणि आपोआप पडेल," यजमान म्हणाले.

अक्का सुपारी कातरत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अय्यो, चालकच नाही म्हणतोस? मग भांडायचं कुणाशी रे?"

अध्यक्ष मला म्हणाले, "तुम्ही काहीतरी ठरवा. ह्या दोघांचं संपायचं नाही."

मी ठरवलं. फळ्यांचं मोठं मेज, त्यावर बंगळुरू. खालच्या रस्त्यावर यजमानांची ट्राम, वर खांबांवर भावजींची गाडी. दोन्ही एकाच शहरात, एकाच वेळी. ज्याला जे पटेल ते त्याने बघावं. अध्यक्षांच्या समाधानासाठी एका कोपऱ्यात नंदी: बसवनगुडीच्या देवळातला मोठा नंदी म्हणून. ठराव एकमताने मंजूर.

भावजींना ही गाडी का हवी होती, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या टेलिफोन कारखान्यात ते तपासणी विभागात होते. काम असं: दिवसभर समोर रिले येणार, म्हणजे विजेच्या प्रवाहाने उघडझाप करणाऱ्या बोटभर कळा. त्या दाबायच्या, सोडायच्या, चांगल्या एका बाजूला, वाईट दुसऱ्या बाजूला. हुशार माणूस, पण पाच वर्षं तेच. आता त्याच कारखान्यात रेल्वेच्या सिग्नलची यंत्रं बनवणारा नवा विभाग निघणार होता. भावजींनी अर्ज केला होता. निवड त्यांच्याच साहेबांच्या हातात होती, आणि साहेबांनी दोन वाक्यांत वाट अडवली होती: "कागदावर सगळेच सिग्नल चालतात. मला चालतं काहीतरी दाखवा." गणपतीनंतर नावं जायची होती.

"वहिनी, मी साहेबांना आरतीला बोलावतो," भावजी सभेनंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले. "त्यांना इथे दाखवतो. नाही जमलं, तर पुन्हा कळा दाबायला मोकळा. जन्मभर."

"कोणत्या दिवशी बोलावता?" मी विचारलं. "जेवणाचं बघायला हवं."

"तिसऱ्या."

मी लिहून ठेवलं: तिसरा दिवस, साहेब, बिसिबेळे भात आणि उकडीचे मोदक.

कामाचा पुढचा महिना मला अजून सुखाचा वाटतो. दोन भाऊ एकाच हॉलमध्ये, एकाच मेजाच्या वर-खाली, आणि एकमेकांशी फक्त टोमण्यांतून बोलत. पण काम मात्र बघत राहावं असं. यजमानांनी ट्रामचा सांगाडा पत्र्याच्या डब्यातून कापला. दरवाजे, खिडक्या, पायरी, छतावरची तारेला टेकणारी दांडी, सगळं खऱ्यासारखं. पायरी त्यांनी तीनदा कापली, कारण त्यांना ती रस्त्यापासून जेमतेम टाचभर उंच हवी होती.

"बस चढायला डोंगर चढावा लागतो," ते म्हणायचे. "ट्रामला पाय नुसता उचलायचा. साडी नेसलेल्या बाईला, म्हाताऱ्याला, कडेवर मूल असलेल्याला. आणि दर चौकात थांबा. घरातून निघालं की ट्राम."

"आणि पुढे बैलगाडी," वरून भावजी. "बैलगाडीपुढे जटक्याचा टांगा, टांग्यापुढे सायकली. तुझी ट्राम बैलाच्या चालीने जाणार, दादा. रस्त्यात रूळ म्हणजे रस्त्याची सगळी दुखणी रुळावर."

हे खरं होतं. यजमानांनी गुपचूप मेजावर मातीची एक बैलगाडी ठेवली आणि ट्राम तिच्यामागे थांबवून दाखवायचं ठरवलं. स्वतःच्या बाजूची उणीव स्वतःच मांडायची, असा त्यांचा स्वभाव. ट्राम ते स्वतः चालवणार होते. मेजाच्या कडेला पितळी मुठीची कळ होती. मूठ फिरवली की ट्राम चाले, मागे घेतली की थांबे.

भावजींचं काम मला समजायला वेळ लागला. त्यांनी ते मला पोळ्या लाटताना समजावलं, म्हणून ते लक्षात राहिलं. गाडीला लागणारी वीज रुळांच्या बाजूच्या तिसऱ्या पट्टीतून यायची. खुद्द दोन रुळांत मात्र अगदी क्षीण प्रवाह, नुसता निरोप नेण्यापुरता. रुळांचे तुकडे तुकडे केलेले, त्यांना ते टप्पे म्हणत. टप्प्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. रूळ मोकळे असतील तर निरोप रिलेपर्यंत पोचतो, रिले ताठ उभा राहतो, हिरवा दिवा. टप्प्यात गाडी शिरली की तिचं चाक, कणा, दुसरं चाक, सगळं धातूचं. दोन रूळ जोडले जातात, निरोप मधूनच परत फिरतो. रिलेला काही पोचत नाही, तो सुटतो, लाल दिवा, आणि मागच्या टप्प्याची वीज बंद. म्हणून मागची गाडी पुढचीवर कधीच आदळत नाही.

"आणि बॅटरी संपली तर?" मी विचारलं.

"तरी रिले सुटणार. लाल."

"तार तुटली?"

"लाल. वहिनी, ह्यातली मेख तीच. काहीही बिघडलं तरी गाडीने थांबायचं. निरोप आला तरच चालायचं, नाही आला तर नाही." मग हसून, "दादाला निरोप नसला तरी तो चालतो."

मला ती कल्पना फार आवडली. न कळलं तर थांबायचं, हे मी माणसांतही क्वचित पाहिलं होतं. रिले त्यांनी कारखान्यातून रीतसर परवानगीने, मोडीत निघालेल्यांतून निवडून आणले आणि एकेक साफ करून जिवंत केले. पाच वर्षं दाबलेल्या कळा बघा कशा उपयोगी पडल्या, असं मी म्हटलं. त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

हलसूरचा तलावही मेजावर घेतला होता. त्यावरून भावजींच्या गाडीचा पूल जात होता. तलाव म्हणजे आमच्या कपाटाचा जुना आरसा, कडेने शेवाळासारखी हिरवी लोकर लावलेला. पुलाची प्रतिमा आरशात पडायची तेव्हा गाडी दुहेरी दिसायची.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी अक्का बघायला आल्या. गुडघ्यांमुळे त्यांना हॉलपर्यंत यायलाही विसावे घ्यावे लागत. त्यांची मुलगी बसवनगुडीत दिलेली, तीन महिन्यांपूर्वी बाळंत झालेली. बसची पायरी चढवेना म्हणून अक्कांनी नातवाला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. मुलगी बाळाला घेऊन येईल तेव्हा. खुर्चीवर बसून त्यांनी मेज नीट पाहिलं. मग काठीचं टोक मल्लेश्वरमवर ठेवलं.

"सरी, ठीक आहे. मी इथे ट्राममध्ये बसले. पायरी चांगली केलीस अण्णा, मला चढता येते. इथे मॅजेस्टिकला उतरले." काठी वर गेली. "आता मला ह्याच्या गाडीत बसायचंय, लवकर बसवनगुडीला जायला. वर कशी जाऊ?"

दोघे भाऊ मेजाकडे बघत राहिले. खाली ट्रामचा थांबा होता, बरोबर त्याच्या डोक्यावर गाडीचं स्टेशन होतं. मध्ये हवा.

"जिना ह्याने करायचा," यजमान म्हणाले. "स्टेशन त्याचं आहे."

"थांबा दादाचा आहे," भावजी.

"म्हणजे मी हवेत," अक्का म्हणाल्या. "स्वल्प लवकर ठरवा, पाय दुखतात."

सगळे हसले. मी कामांच्या यादीत शेवटी लिहिलं: जिना. पण उद्या चतुर्थी होती. फुलं यायची होती, मोदकाची पिठी दळायची होती, मूर्ती आणायला माणसं पाठवायची होती. जिना राहिला.

पहिले दोन दिवस देखावा उत्तम चालला. सगळ्या कारखान्यांतली माणसं बघायला आली, कन्नड, तमिळ, मल्याळी शेजारी मुलाबाळांना घेऊन आले. ट्राम बैलगाडीमागे थांबायची आणि यजमान "हो, हो, होऽ" असं ओरडायचे तेव्हा हॉल हसायचा. वरच्या दोन गाड्या मात्र कोणाच्याही हाताशिवाय फिरत. पुढची थांबली की मागची आपोआप थांबायची. हसू येत नसे त्याला. लोक गप्प होऊन बघत.

तिसऱ्या दिवशी, साहेब येणार म्हणून, बायकांनी हॉल पुन्हा सजवला. कोणीतरी म्हणालं, आरशाचा कसला तलाव, पाणी हवं. आमच्या घरचं मोठं पितळी घंगाळ आलं, पुलाखाली बरोबर बसलं. त्यात पाणी, पाण्यात कमळं. फार सुंदर दिसलं. मीही म्हटलं, छान.

संध्याकाळच्या आरतीला साहेब वेळेवर आले. उंच, शांत, धोतर नेसून, कपाळाला गंध. इंग्रजी आणि कन्नड मिसळून बोलत. मी त्यांचं बोलणं मराठीत देते. आरतीत टाळ्या वाजवल्या, "सुखकर्ता" येत नसूनही ओठ हलवले. मंत्रपुष्पांजली झाली, प्रसादाला ओळ लागली. ओळ मेजाच्या बाजूने जात होती.

मी भावजींच्या हातात प्रसादाची वाटी दिली, ती त्यांनी न खाताच खिडकीत ठेवली.

आधी यजमानांनी ट्राम दाखवली. साहेब खाली वाकून पायरी बघत राहिले. "ही उंची कोणी ठरवली?"

"मी. माझ्या आईच्या पायांवरून," यजमान म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली. मग भावजींनी वरच्या गाड्यांची वीज सुरू केली. पहिली गाडी नेहमीसारखी सुटली, मॅजेस्टिकहून निघाली, कँटोनमेंटच्या स्टेशनात शिरली. थांबली. नेहमी तिथे ती दोन क्षण थांबून निघे. ह्या वेळी निघाली नाही. पुढे पुलाच्या तोंडाशी लाल दिवा. मागून दुसरी गाडी आली, तीही एक टप्पा अलीकडे थांबली.

"पडली का आपोआप?" मागून कोणीतरी म्हणालं. हशा झाला.

अध्यक्ष माझ्या कानाशी: "कैलास पर्वत कधी बंद पडला नसता."

यजमान पुढे झाले. भावावर टोमणे मारणारा हा माणूस, पण त्या वेळी त्यांचा चेहरा भावजींपेक्षा पांढरा होता. ते हळूच म्हणाले, "बोटाने ढकल जरा. पुलापलीकडे नेऊन सोड. कोणाला कळणार नाही."

"नाही," भावजी म्हणाले.

"अरे, साहेब बघताहेत."

"म्हणूनच नाही."

साहेबांनी विचारलं, "काय बिघडलं?"

भावजींनी लाल दिव्याकडे पाहिलं. मला वाटलं ते आता वायरी तपासायला मेजाखाली शिरणार. ते शिरले नाहीत. त्यांनी ठाम आवाजात उत्तर दिलं.

"बिघडलं असं वाटत नाही, सर. गाडी म्हणतेय, पुलावर कोणीतरी आहे."

"पुलावर तर काही नाही."

"मलाही दिसत नाही. पण ती म्हणतेय, आणि मी तिला विश्वासाने बांधलंय. आधी पुलावर बघतो, मग तिला दोष देतो."

ते पुलाशी वाकले. घंगाळाच्या पाण्यात, कमळांच्या मध्ये, तळाशी नाणी चमकत होती. खूप नाणी. तेव्हा आमच्या ध्यानात आलं. पाणी आहे, वर पूल आहे, पुलावर गाडी आहे, समोर देव आहे. आपल्याकडे गाडी नदीवरून गेली की डब्यातला प्रत्येक हात खिशात जातो. प्रसादाच्या ओळीतल्या माणसांनी तेच केलं होतं, नमस्कार करून, सवयीने. आरशात दोन दिवस कोणी काही टाकलं नव्हतं. पाणी आल्याबरोबर टाकलं. आणि त्यातलं दहा पैशांचं एक नाणं, नक्षीदार कडेचं, पाण्यापर्यंत न पोचता पुलाच्या दोन रुळांवर आडवं पडलं होतं. दिव्याच्या उजेडात ते रुळांसारखंच दिसत होतं.

भावजींनी ते दोन बोटांनी उचललं.

टक्. मेजाखालचा रिले उभा राहिल्याचा आवाज पहिल्या ओळीपर्यंत ऐकू गेला. हिरवा दिवा. गाडी स्टेशनातून निघाली, पुलावरून गेली, मागचीला वाट मोकळी झाली, तीही निघाली. कोणी हात लावला नव्हता.

मग साहेबांनी हात पुढे केला. भावजींनी नाणं त्यांच्या तळव्यावर ठेवलं. साहेब स्वतः वाकले आणि त्यांनी ते पुन्हा पुलावर ठेवलं. गाडी फेरी मारून आली, कँटोनमेंटला थांबली. उचललं: निघाली. पुन्हा ठेवलं: थांबली. साठीकडे झुकलेला, गंध लावलेला तो गृहस्थ दिवाळीत फटाके हाती आल्यासारखा पुन्हा पुन्हा तेच करत होता आणि त्याच्याभोवती शंभर माणसं प्रत्येक वेळी श्वास धरत होती.

मग ते थांबले. त्यांनी मेजावरून झेंडूचं एक फूल घेतलं आणि ते रुळांवर ठेवलं. नुसतं फूल.

"सर, ते तिला कळणार नाही," भावजी लगेच म्हणाले.

"बघू."

गाडीला कळलं नाही. ती सरळ फुलावर गेली, घसरली आणि कलंडून कठड्याला टेकली. यजमानांनी झेप घेऊन ती पाण्यात पडता पडता झेलली.

साहेब यजमानांकडे वळले आणि तेच फूल खाली ट्रामच्या रुळांवर ठेवलं. यजमानांनी एका हातात भावाची गाडी धरून दुसऱ्या हाताने मूठ फिरवली. ट्राम निघाली, फुलापाशी आली. यजमानांनी मूठ मागे घेतली. "होऽ," ते म्हणाले, आणि ह्या वेळी टाळ्या पडल्या.

"तर मग कोणतं चांगलं?" साहेबांनी भावजींना विचारलं. मला कळलं, परीक्षा ही होती; आधीची नव्हती.

भावजींनी दादाच्या हातातल्या कलंडलेल्या गाडीकडे पाहिलं. "सर, दादाच्या गाडीला डोळे आहेत. म्हणून ती रस्त्यात चालू शकते, बैलगाड्यांत, माणसांत. पण डोळा दमतो, पाऊस पडला की त्याला दिसत नाही, आणि त्याच्यामागे किती गाड्या आहेत ते त्याला माहीत नसतं. माझ्या गाडीला डोळे नाहीत. तिला फक्त दुसरी गाडी कळते, पण ती कधी चुकत नाही आणि कधी दमत नाही. म्हणून तिला रस्त्यात सोडता येणार नाही. तिची वाट वेगळी, उंच, कोणी फूल टाकणार नाही अशी हवी. ती महाग पडणार. जिथे फार माणसं, लांब जायचं, तिथे ती. जिथे घराजवळ उतरायचं, तिथे दादाची."

भावजी दादाच्या ट्रामबद्दल एवढं चांगलं महिन्याभरात पहिल्यांदाच बोलले होते. यजमान गाडीची चाकं धोतराच्या टोकाने पुसत होते. वर पाहिलं नाही.

"आणि ढकलली का नाही?" साहेबांनी विचारलं. "मी ऐकलं तुमच्या भावाने काय सुचवलं ते. मला थोडं मराठी कळतं."

यजमान लाल झाले. भावजी म्हणाले, "एकदा हाताने ढकलली, सर, की मग लाल दिव्याला काही अर्थ उरत नाही."

साहेबांनी नाणं घंगाळात, पाण्यात टाकलं, हात जोडले आणि म्हणाले, "आता जेवायला कुठे बसायचं?"

बिसिबेळे भात पुरला. मोदक कमी पडले असते, पण मी जास्त केले होते.

सगळ्यांत शेवटी, निघताना, साहेब अक्कांच्या खुर्चीपाशी थांबले. अक्का त्यांच्याशी अस्सल कन्नडात बोलल्या, त्यामुळे मला निम्मंच कळलं. काठी मेजाकडे, मॅजेस्टिककडे, वर. साहेब मोठ्याने हसले आणि भावजींना म्हणाले, "ह्या विचारतात, खालच्या गाडीतून वरच्या गाडीत कसं जायचं. दोन्ही गाड्या चांगल्या आहेत म्हणतात, पण मधलं कोणी केलंच नाही. ह्याचं उत्तर मला तुम्ही नव्या विभागात येण्याआधी हवं."

येण्याआधी. भावजींनी तो शब्द ऐकला, मी ऐकला, यजमानांनीही ऐकला. यजमानांनी भावजींच्या पाठीवर असा गुद्दा मारला की त्यांच्या हातातलं पाणी सांडलं.

गणपतीनंतर भावजींचं नाव गेलं आणि लागलंही. आता ते खऱ्या रुळांसाठी खरे रिले बनवतात. कुठल्याशा स्टेशनाबाहेर त्यांनी तपासलेला लाल दिवा लागत असेल आणि तिथे कोणी ढकलत नसेल, असं मला गाडीने प्रवास करताना वाटतं. यजमान अजून दोन बसने जातात. ट्राम बंगळुरात आलेली नाही, भावजींची गाडीही नाही. पण शहर वाढतंय. जयनगरकडे घरंच घरं झाली आहेत आणि बसची ओळ पूर्वीपेक्षा लांब असते. कधीतरी कोणाला तरी हे दोन्ही मांडून बघावं लागेल. तेव्हा त्यांना आमचं मेज उपयोगी पडेल, असं मी गमतीने म्हणते, आणि दोघे भाऊ मुळीच हसत नाहीत.

मेजाचे भाग आम्ही ट्रंकेत ठेवले आहेत, कपाटावर. दर भाद्रपदात बाहेर निघतात. ट्राम रंगवून होते, रिले साफ होतात, पुलाखाली पुन्हा आरसा येतो आणि पाणी येत नाही. जिन्याचा विषय मात्र दर वर्षी सभेत येतो आणि दर वर्षी मोडतो. भावजी म्हणतात, पायऱ्या. यजमान म्हणतात, पायऱ्या कशाला, अक्कांना पायऱ्याच नकोत. उतरण करा, लांब आणि सावकाश. भावजी म्हणतात, तेवढी लांब उतरण करायला मॅजेस्टिक पुरायचं नाही, पाळणा करा, विजेचा, वर-खाली जाणारा. यजमान म्हणतात, तो बंद पडला तर? भावजी म्हणतात, बंद पडला तर थांबेल. अक्का म्हणतात, मग मी मध्येच लटकणार का? आणि सुपारी कातरतात. नातू आता शाळेत जायला लागला, तो आजीला भेटायला येतो. आजीचं तिकडे जाणं अजून जमलेलं नाही.

पुढच्या रविवारी सभा आहे. यादीत पहिलं काम तेच आहे, गेल्या सालावरून उतरवलेलं: मॅजेस्टिक, खालचा थांबा ते वरचं स्टेशन, अक्कांना चढता येईल असा रस्ता. कोणी करायचा, ते ठरलेलं नाही.